चावी कुणाकडे होती

लिफ्टमिस्त्रीच्या पायाला भिंगरी लागली होती. घरात बूड टेकेल तर शपथ! जेवायचं तेसुद्धा उभ्यानं, पाठ भिंतीला लावून. खाली कुणी दुकानाचं शटर ओढलं की ताट हातातून सुटायचं. शिटीनं दचकतो म्हणून बायकोनं कुकर माळ्यावर टाकला होता. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस आता नवव्या मजल्यावरही जिन्यानं जायचा, आणि वर पोचल्यावर आपण आलो कशाला तेच विसरायचा.

त्याचा जोडीदार लिफ्टखाली चिरडला गेला, त्याला नऊ महिने झाले होते. जोडीदाराला सगळे पहिलवान म्हणत, कारण फुंकर मारली तर पडेल असा काटकुळा! चौदा वर्षांची जोडी, एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय दोघांचा दिवस सुरू होत नसे.

या धंद्यात एक नियम आहे. लिफ्टखालच्या खड्ड्यात जो उतरणार, त्यानं वरच्या खोलीतला मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. त्या दिवशी पहिलवान खाली असताना स्विच चालू झाला. चौकशीवाल्यांनी ठरवून टाकलं की पहिलवानानं कुलूप लावलंच नसणार, हलगर्जीपणा त्याचाच. मेलेला माणूस काय बोलणार? खापर त्याच्यावर फुटलं. मिस्त्रीला विचारलं तेव्हा तो ‘मला नाही माहीत’ एवढंच म्हणाला.

पहिलवानाची बायको अधूनमधून यायची. “भाऊजी, शेवटी काय झालं ते तरी सांगा हो.” वहिनींचा आवाज आला की मिस्त्री बाथरूममध्ये नळ सोडून बसायचा.

शेवटी बायकोनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. “मी काय वेडा आहे?” तो तणतणला. “तुम्ही नाही हो, पण मला वेड लावाल!” ती म्हणाली.

तिथल्या मॅडम वयानं लहान, पण खमक्या. म्हणाल्या, “ते घडून गेलं, हे तुमच्या शरीराला अजून कळलेलं नाही. म्हणून ते चोवीस तास पहाऱ्यावर आहे. आपण दोघं तिथं परत जायचं. डोळे मिटा, आणि आत्ता घडतंय असं सांगा.”

सांगणं मोबाइलवर रेकॉर्ड व्हायचं, घरी रोज ऐकायचं. मिस्त्रीला घाम फुटायचा, तो अर्ध्यातून उठून खिडकीशी जायचा. मॅडम थांबायच्या, परत बसवायच्या. असे सहा आठवडे गेले.

सातव्या खेपेला त्या म्हणाल्या, “एक विचारू? तुम्ही वरच्या खोलीचं दार उघडता आणि एकदम किंकाळी ऐकता. दरवेळी तसंच. मधे काय होतं?”

मिस्त्री उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

“चावी माझ्याकडे होती,” तो म्हणाला. “त्याचा खिसा फाटला होता. तूच ठेव, म्हणाला. मी मशीनला तेल द्यायला वर गेलो. चावी हातात असली की खाली कुणी नाही, ही वीस वर्षांची सवय. हातानं आपोआप कुलूप काढलं, स्विच लावला. मी मारला त्याला, मॅडम.” आणि तो हमसाहमशी रडला.

मॅडमनी त्याला रडू दिलं. “चूक तुमची होती,” मग त्या म्हणाल्या. “पण चुकणं आणि मारणं एक नव्हे. घाईनं निवाडा करू नका. आठवडाभर हेही ऐका.”

“वहिनींना सांगू?”

“ते तुम्हीच ठरवायचं.”

आठवडाभर त्यानं ऐकलं. पहिल्या दिवशी ओकला. पाचव्या दिवशी शेवटपर्यंत ऐकू शकला. नोकरी जाईल, पोलीस येतील, सगळं मनात येऊन गेलं. तरी रविवारी तो वहिनींच्या दारात उभा राहिला. बसा म्हणण्याआधीच त्यानं सगळं ओकून टाकलं. “उद्या कंपनीत लिहून देतो,” असंही म्हणाला.

वहिनींनी सणकन त्याच्या कानाखाली वाजवली.

“अकरा महिने!” त्या ओरडल्या. “अकरा महिने मी त्यांच्या फोटोशी भांडतेय! पोरीला सांगत आले, तुझा बाप निष्काळजीपणानं मेला म्हणून!”

मिस्त्री गाल धरून तसाच उभा राहिला. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि आतल्या खोलीकडे वळून हाक मारली. दहा-अकरा वर्षांची पोर हातात पेन्सिल घेऊन बाहेर आली.

“हिला सांगा,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्यापासून. काही गाळायचं नाही.”

मिस्त्रीनं पोरीकडे पाहिलं. डोळे मिटावेसे वाटले, पण त्यानं ते उघडेच ठेवले.

“तुझा बाबा स्विच बंद करतोय,” तो म्हणाला. “मी शेजारीच आहे. तो कुलूप लावतो, आणि नीट लागलंय का ते दोनदा ओढून बघतो.”