कांदा न खाणारे डोळ्यांचे डॉक्टर

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कांद्याला शिवत नसलेला माणूस एकच, आमचे डोळ्यांचे डॉक्टर. व्रतबित काही नव्हतं, धंद्याची गरज. दवाखान्यात मशीन असूनही ते हातातली बत्ती घेऊन, पेशंटच्या गालाला गाल लागेल इतके जवळ जाऊन डोळ्यात बघत. चष्म्याच्या नंबरासाठी आलेल्यालाही सोडत नसत. डोळ्याच्या पडद्यावर नसेचं टोक पिवळ्या चकतीसारखं दिसतं. ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मग केसपेपरवर लाल-पिवळ्या पेन्सिलीने त्याचं चित्र. "कड बघायची, सिस्टर. कोरीव असली तर ठीक. पुसट झाली, की नस सुजलीय." अठरा वर्षांत मलाही बघायला शिकवलं. सायखेड्याची एक मुलगी आली होती. सकाळी डोकं दुखायचं, वाकलं की अंधारी यायची. तीन चष्मे बदलून झाले होते. डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, "सोबत कोण आलंय?" हा प्रश्न आला की मी समजायची: दोन्ही नसा सुजल्यात, डोक्यात दाब वाढलाय. गाठ असेल, शिरेत रक्त गोठलं असेल, नाहीतर ब्लडप्रेशर भडकलं असेल. आजच स्कॅन, एकटं सोडायचं नाही. वडील म्हणाले, "नंबर काढून द्या ना साहेब, शाळा बुडती पोरीची." "बुडू दे. डोळे गेले तर शाळेत काय वाचणार?" मुलीचे डोळे वाचले.

बायको गेल्यापासून डॉक्टरांच्या घरी बोलायला फक्त रेडिओ. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचा चष्मा दोनदा बदलला. एकदा पडलेली पेन्सिल उचलली आणि भिंत धरून उभे राहिले.

"सकाळी डोकं दुखतं?" मी विचारलं.

"वय झालं, सिस्टर."

"पेशंटला असं म्हणू देता का? बसा."

मी बत्ती घेऊन त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "चित्र काढा," म्हणाले. काढलं, पण कड काढता येईना, होतीच कुठे?

"दोन्ही?"

"दोन्ही. सोबत कोण आहे?" सवयीने तोंडून गेलं. त्यांनी बाहेरच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं. मी शटर ओढलं, रिक्षा बोलावली.

गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. डावा डोळा गेला, उजव्याला अंधुक दिसतं. दवाखाना बंद झाला. रविवारी मी भाजी द्यायला जाते. परवा ताटात भाकरीशेजारी बुक्कीने फोडलेला कांदा होता.

"डॉक्टर, कांदा?"

"आता कुणाच्या एवढं जवळ जायचंय?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि अर्धा कांदा उचलला.