मफिजुलचा फोन

सावळीराम मूळचा घोटीचा. मिसरूड फुटायच्या आत तो पिंपळगावच्या एका कांदा निर्यातदाराच्या खळ्यावर कामाला लागला आणि तिथेच त्याचे केस पिकले. खळ्यावर माणसं पुष्कळ होती. कुणी कांदा निवडायचं, कुणी गोण्या शिवायचं. सावळीरामचं काम मात्र बोलायचं. तो बांगला बोलायचा, तीही अशी की ऐकणाऱ्याला तो तिकडचाच वाटावा.

त्याचं असं झालं. तरुणपणी शेठनं त्याला गाड्यांबरोबर बंगालच्या हद्दीवर पाठवलं. "माल पार झाला की ये," म्हणाले. माल पार होतच राहिला आणि सावळीराम तिथे कैक वर्षं अडकला. हमाल, चहावाला, मासळी विकणारी एक मावशी, यांच्या संगतीनं भाषा शिकला. शिकला म्हणजे, तिच्यात भांडायला लागला. परत आला तोवर पलीकडच्या जशोरचा व्यापारी मफिजुल त्याला 'दादा' म्हणू लागला होता. मफिजुलला शेठशी बोलायचं नसे. "दादाला द्या," एवढंच.

मग रोज सकाळी फोन. आधी पाऊसपाणी, मग लेकराबाळांची खुशाली, आणि शेवटी कांदा. सावळीरामला मुलगी झाली, वैष्णवी, तेव्हा मफिजुलनं एका ड्रायव्हरच्या हाती हातानं टाके घातलेली गोधडी पाठवली. त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, ती लेकीला पांघरली आणि म्हणाली, "शिवणारणीचा हात लय नाजूक हाय."

एका सप्टेंबरात दिल्लीहून हुकूम सुटला, कांदा बाहेर पाठवायचा नाही. त्या घडीला शेठच्या गाड्या हद्दीवर रांगेत उभ्या होत्या. सावळीराम आगगाडीनं तिकडे धावला. पोचला तेव्हा गाड्यांच्या फळ्यांतून सडल्या कांद्याचं काळं पाणी गळत होतं. ड्रायव्हर नाकाला फडकी बांधून बसले होते. फाटकाच्या पलीकडे मफिजुल येऊन उभा होता; दोघांच्या मध्ये शिपाई. ओरडूनच बोलावं लागलं.

"दादा, आदल्या दिवशी तरी सांगायचं!"

"मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?"

"तुम्हाला कुठं म्हणतोय? तुमच्या सरकारला म्हणतोय. आमचंही काही शहाणं नाही."

कांदा तिथेच खड्ड्यात लोटला. पुढे व्यापार उघडला आणि मफिजुलनं पुन्हा माल मागवला. शेठला नवल वाटलं. सावळीरामला वाटलं नाही.

पुन्हा एका हिवाळ्यात तेच झालं. या खेपेला मफिजुलनं आसपासच्या दुकानदारांना रमजानच्या मालाचा शब्द देऊन ठेवला होता. तो रोज विचारायचा, "उघडेल ना?" शेठ म्हणायचे, उघडेल, सावळीरामही म्हणायचा, उघडेल. रमजान आला, ईद झाली, तरी उघडलं नाही. दुकानदारांनी मफिजुलच्या दारात येऊन त्याला खोटारडा ठरवलं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "तुम्ही म्हणालात, म्हणून मी म्हणालो."

नंतर इकडून वाट मोकळी झाली, तर तिकडून बंद झाली. आमच्या शेतकऱ्याचा कांदा निघालाय, तुमचा नको, असं तिकडचं सरकार म्हणू लागलं. मध्येच थोडं उघडायचं, पुन्हा मिटायचं. खळ्यावरच्या बाया गावोगाव पांगल्या.

याच काळात शहरातल्या एका हॉटेलात शेजारी देशांच्या व्यापारावर बैठक भरली. दोन्हीकडचे अधिकारी आणि व्यापारी आले होते. शेठनं सावळीरामला दुभाषा म्हणून नेलं. ठेवणीतला सदरा घालून तो दारातच मफिजुलची वाट बघत राहिला. आला तो त्याचा मुलगा. त्याला दुभाषा लागतच नव्हता. बोलणी प्रगतिपथावर असल्याचं सगळ्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि टाळ्या झाल्या.

जेवणाच्या वेळी सावळीरामनं मुलाला गाठलं. "अब्बा का नाही आले?"

"अब्बांना झटका आला, काका. वाचा गेली. आम्ही आता दुसऱ्या देशांतून माल आणतो. तिथले निदान आधी सांगतात."

"फोन तरी त्यांच्या कानाशी धराल का?"

मुलगा हो म्हणाला, आणि त्यानं शब्द पाळला. शहरात इंदिरानगरला घेतलेल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभा राहून सावळीराम बोलत राहिला. पाऊस, वैष्णवीची नोकरी, ओस पडलेलं खळं. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा, कधी घोगरा हुंकार. ऐकू कमी येत असेल म्हणून सावळीराम मोठ्यानं बोलायचा.

आठवड्याभरात सोसायटीतले दोघे दारात आले. "काका, तुम्ही नक्की कुठले?"

"कुठले म्हणजे?" लंकाबाई पुढे झाली. "घोटीचे हाय आमी! माझं माहेर इगतपुरीचं. काय झालं?"

"नाही, ती भाषा... लोक विचारतात. आजकाल दिवस कसे आहेत, तुम्हाला माहीतच आहे."

सावळीराम उठला. आत जाऊन त्यानं आधारकार्ड आणून दाखवलं. ते गेल्यावर लंकाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "अवो, पोरीचं लग्न जमवायचंय. गॅलरीत नका बोलू."

मग तो न्हाणीघरात नळ सोडून बोलू लागला. नळाच्या आवाजात पलीकडचा श्वास ऐकू येईना. हळूहळू फोन कमी झाले. शेठनंही एक दिवस सांगितलं, "सावळीराम, आता तुझ्याजोगं काम नाही राहिलं बाबा." त्यात खोटं काहीच नव्हतं.

यंदा थंडी सरता सरता मुलाचा निरोप आला. अब्बा गेले. लंकाबाईनं गोधडी कपाटातून काढून त्याच्यासमोर ठेवली. "जाऊन तरी या."

"कसा जाऊ? व्हिसा देत नाहीत सध्या."

त्यानं फोन लावला. गॅलरीत नाही, न्हाणीघरातही नाही, बसल्या जागी लावला. लंकाबाईनं उठून खिडक्या लावून घेतल्या. सांत्वनाचे चार शब्द तो बांगलात बोलला, पण पाचवा त्याला सुचेना. रोजच्या वापरातला साधा शब्द होता, जिभेवर येऊन अडला.

"थँक यू, अंकल," मुलगा म्हणाला आणि फोन ठेवला.

लंकाबाईनं खिडक्या पुन्हा उघडल्या नाहीत.