न उघडणाऱ्या कुलपांच्या शोधात

गोदामात पडून राहिलेली कुलपं गंजतात, किस्से मात्र पडून पडून वाढतात! आणि आमच्याकडे दुसराच माल जास्त. इकडे हिंदी मुलखात, हबीबगंजला मी आणि माझे धाकटे दीर सतीशभाऊजी मिळून एक छोटं ऑफिस चालवतो. बाजारात सहज न मिळणारी, हाय-सिक्युरिटी कुलपं बनवणारा माणूस देशात कुठे बसलाय, ते शोधून काढायचं, एवढंच आमचं काम. आणि तो सापडला नाही, असं अजून तरी झालेलं नाही.

*

अगदी सुरुवातीला राजकोटच्या एका सप्लायरला मी फोन केला. म्हटलं, "ड्रिलनेही उघडणार नाही असं लॉक पाहिजे. आत नेमकं काय असतं, जरा समजावून सांगा."

पलीकडून आवाज आला, "बहनजी, लॉक लगाना है या तोड़ना है?"

मी फोन आपटला. दोन दिवसांनी एक गृहस्थ ऑफिसात आले आणि साधं कपाटाचं कुलूप मागू लागले. भाऊजींनी त्यांना खुर्चीत बसवलं, चहा पाजला आणि कुलूप या विषयावर असं काही लेक्चर दिलं, की ते घराच्या तिन्ही दारांच्या कुलपांची ऑर्डर देऊन गेले!

संध्याकाळी राजकोटहून फोन. "मॅडम, माल भेज रहा हूँ. वो मेरा साला था, देखने भेजा था कि आप लोग चोर तो नहीं."

"मग खात्री पटली?"

"हाँ जी. चोर इतना बोलते नहीं."

*

एका लॅबला चुंबकाला अजिबात न चिकटणारं कुलूप हवं होतं. खोलीतलं मशीन इतकं जबरदस्त, की खिशातली चावीसुद्धा ओढून घेईल. सप्लायर फार मुश्किलीने मिळाला. पार्सल आल्याबरोबर भाऊजींनी घरच्या फ्रिजवरचा आंब्याचा मॅग्नेट आणून कुलपाला लावला. चटकन चिकटला!

मी तिथूनच फोन लावला. "अहो, डब्यावर नॉन-मॅग्नेटिक लिहिलंय ना?"

"तो मॅडम, डिब्बा चिपक रहा है क्या?"

दुसरा सप्लायर शोधला, मग तिसरा. तिसरं पार्सल पास झालं. तेव्हापासून तो आंबा माझ्या पर्समध्येच असतो.

*

मुंबईहून एक सेल्समन नमुने घेऊन आला होता. टाय वगैरे लावून. "मॅडम, ही बॅगसुद्धा आमच्याच लॉकची. चावीशिवाय ब्रह्मदेवालाही उघडणार नाही!" असं म्हणत त्याने ती थाटात बंद केली. आणि खिसे चाचपायला लागला.

चावी आत!

कंपनीला फोन लावला. कंपनी म्हणाली, डुप्लिकेट मिळेल, आधी आयकार्डाचा फोटो पाठवा. आयकार्डही आतच! भाऊजींनी सगळी हत्यारं चालवून पाहिली. ढिम्म!

शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "सर, आता तरी विश्वास बसला?"

आम्ही तिथल्या तिथे ऑर्डर दिली.

*

दोन सराफ भाऊ. दुकान एक, अबोला पक्का. दोघांनाही असं कुलूप हवं होतं, की दोघांच्या चाव्या एकदम लागल्याशिवाय तिजोरी उघडूच नये. महिनाभर फोन करून करून कोइमतूरला एक कारखाना सापडला. बसवून दिलं.

थोड्या दिवसांनी मोठ्या भावाचा फोन. "भाभीजी, आपके ताले की वजह से रोज़ सुबह उसकी शकल देखनी पड़ती है!"

म्हटलं, झालं, आता परत घ्या म्हणतोय.

"तीन चाबीवाला मिलेगा क्या? बहन भी रूठी हुई है."

*

इथल्याच बाग सेवनियाच्या कुलकर्णी काकूंना मात्र मी नाही म्हणणार होते. काका सरकारी कारखान्यातले रिटायर्ड इंजिनिअर, नोकरीसाठी साताऱ्याहून आलेले, आता विसरभोळेपणाच्या आजारात गुरफटलेले. पहाटे उठून दार उघडायचे आणि चालू लागायचे. काकू मागून धावत. एकदा तर थेट होशंगाबाद रोडच्या भर रहदारीत सापडले.

"कुलूप दिसता कामा नये गं," काकू म्हणाल्या. "त्यांना कोंडल्यासारखं वाटायला नको. आणि काही झालं, आगबिग लागली, तर आपोआप उघडलं पाहिजे."

जिथे फोन करावा तिथे जेलचं कुलूप दाखवायचे, नाही तर लहान मुलांचं प्लास्टिकचं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे राहू द्या." मी राहू दिलं नाही. शेवटी पुण्यातल्या एक बाई भेटल्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आईसाठी बनवलं होतं. तसंच करून पाठवते."

बसवायला आम्ही दोघं गेलो. दाराच्या चौकटीत असं बसलं, की नुसतं लाकूडच दिसावं. काकूंचं बोट लागलं की उघडायचं. भाऊजींनी वीज बंद करून, धूर करून, सगळं तपासलं.

काका सोफ्यावरून शांतपणे बघत होते. काकू चहा टाकायला आत गेल्या, तसे ते उठले. दार ओढून पाहिलं. चौकटीवरून हात फिरवला, बरोबर त्या जागी थांबवला.

"पक्कं आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो काका."

"बरं झालं बाई, लावलंस." स्वयंपाकघराकडे बघत ते माझ्या कानाशी वाकले. "हिला सांगू नकोस. पण हल्ली ही पहाटे अनवाणीच रस्त्यावर येते गं... हरवली असती एखाद्या दिवशी."