गाय माझी, ऐकायची अक्काचं

लाल कंधारी गाय माझ्या माहेरची. भावानं दिलेली, म्हणून घरात सगळे तिला माझीच म्हणायचे. ऐकायची मात्र थोरल्या जावेचं. जावेला मी अक्का म्हणते.

त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं मांजरसुंब्याच्या रस्त्याला माळावर चारा छावणी घातली. घरातून आम्ही दोघी जावा जनावरांबरोबर गेलो. लिहिणारी मी एकटीच, त्यामुळे याद्या माझ्याकडे आल्या. कुठल्या खुंट्याला कोणाचं जनावर, उसाचं वाढं कोणाला किती, टँकर कधी, गाभण गाई कोणत्या. एकही चूक नसायची. अक्काला अक्षर ओळखता येत नव्हतं.

तरी अक्का बादली घेऊन रांगेच्या टोकाशी दिसली, की गाय तोंडातलं वाढं चघळायची थांबायची आणि मान वर करायची. तीच बादली मी नेली, तर बादलीकडं बघायची.

मला ते फार लागायचं. म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर अक्काचे आवाज उतरवायला घेतले. जीभ टाळूला लावून च्-च्: सरक. लांब होऽ: उभी राहा. ओठ मिटून हंऽ: मी आले. टँकरच्या आडोशाला सराव केला आणि एका सकाळी गाईपुढं उभी राहून तिन्ही काढून दाखवले. गाईनं कान हलवून माशी उडवली. पलीकडच्या खुंट्याचा बैल मात्र उठून उभा राहिला.

बैलवाले तात्या पोट धरून हसले. "बाई, तुमच्या हाकंला आमचा बैल उठला. तुमची गाय का उठंना?"

पुढच्याच आठवड्यात गाय व्याली. कालवड झाली. अक्का चारा आणायला रांगेत उभी होती. छावणीत खुरकुताची भीती होती, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी स्वच्छतेचं बजावलं होतं. मी जागा झाडली, वासराखालचं ओलं गोणपाट उकिरड्यावर फेकलं, वासराला अर्ध्या बादलीत लाल साबणानं धुऊन टॉवेलनं कोरडं केलं. अक्का यायच्या आत सगळं माझ्या हातून झालेलं हवं होतं, हेही खरं. गाय दावं ओढत होती. मला वाटलं, दमली असेल.

कालवड तिच्यापुढं ठेवली. गाईनं डोक्यापासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि डोकं खाली घालून तिला ढकलून दिलं. कासेशी नेली, तर लाथ मारली.

अक्का आली. एका नजरेत तिला कळलं. "धुतलंस?"

"स्वच्छ केलं."

"अगं, लेकरू आपलं हाय हे तिनं वळखायचं कशानं? कपाळावर नाव लिवलंय व्हय?"

चीक पोटात गेला नाही तर वासरू टिकत नाही, हे छावणीत पोराटोरांनाही माहीत होतं. अक्कानं उकिरड्यावरून ते गोणपाट आणलं, कालवडीला खसाखसा चोळलं, पाठीवर चिमूटभर मीठ टाकलं आणि तिला गाईच्या नाकाशी धरलं. दुसरा हात गाईच्या मानेवर. गाईनं एकदा चाटलं, थांबली, परत चाटलं. मग थांबेचना. तोंड मिटून घशातून एक बारीक हुंकार काढू लागली. मी तो आजवर ऐकला नव्हता, वहीत कुठून असणार? कालवडीनं चिरक्या आवाजात ओ दिली आणि धडपडत कासेला लागली.

कालवड वाचली याचा आनंद होताच. अक्काच्या हातानं वाचली, हे मात्र घशाखाली उतरेना.

त्यातून गाय अशी हटून बसली, की अक्का शेजारी उभी असेल तरच कालवडीला पिऊ द्यायची. तिसऱ्या दिवशी अक्काच्या लेकीला बाळंतपणासाठी अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. अक्कानं पिशवी भरली. "मी येस्तोवर तिच्याजवळ हुबी रहा. लई बोलू नगं."

मी उभी राहिले, अजिबात बोलले नाही. दुपारी गाईनं लाथ मारली, संध्याकाळीही. पिळून बाटलीनं पाजावं म्हटलं, तर पान्हा चोरला. दिवस मावळेपर्यंत कालवडीला उभं राहता येईना. तात्यांनी कुठून तरी शेळीचं पेलाभर दूध आणून पाजलं. तेवढ्यावर किती वेळ निघणार होता?

"जावंचं लुगडं नेसा," तात्या म्हणाले.

"काहीतरीच!"

"आमची म्हातारी माहेरी गेली की म्या नेसतो की."

"तुम्ही?"

"मग! गाय काय मिशा बघती व्हय?"

सकाळी मी दोरीवरून अक्काचं रोज नेसायचं जुनं लुगडं काढलं. त्याला मिश्रीचा, शेणाचा, घामाचा वास होता. नऊवारी मला नेसता येत नाही. माझ्या पातळावरूनच ते कसंबसं गुंडाळलं आणि रांगेतून निघाले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कोण आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

गाईनं पदर हुंगला, निऱ्या हुंगल्या, खांद्यापर्यंत नाक आणलं आणि निवांत उभी राहिली. मी कालवड सोडली. तिनं कासेला दोन ढुशा दिल्या आणि तिच्या तोंडाला फेस आला. गाय लुगड्यावरून माझा दंड चाटत होती. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता ती चाटत होती ते अक्काला.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून अक्काच होती.

"नात झाली गं मला! दोघी बऱ्या हायेत. आन आपली कालवड? पिती का?"

"पितेय. आत्ता पितेय."

"तुला जवळ हुबं ऱ्हाऊ दिलं तिनं?"

"दिलं की."

"बघ!" अक्का एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की फोन मला कानापासून लांब धरावा लागला. "तुज्या माहेरची हाय ती. तुला वळखनार न्हाई का?"

मी हो म्हणाले. अंगावर काय होतं, ते सांगितलं नाही.