जोतीरामनं आभाळात मोजलेली मेंढरं

सुप्याच्या माळावर आभाळाची पाटीलकी कुणाकडं असेल तर ती आमच्या जोतीरामकडं. म्हणजे असा त्याचाच समज! आम्ही दोघं एका बाकावरचे, चौथीला एकदमच आपटलेले. त्याचे बाप-आजे मेंढरं राखणारे. हा आता डाळिंबं पिकवतो, पण मृगातल्या तिकांड्याच्या तीन चांदण्या घरच्या माणसांसारख्या ओळखतो. एके काळी रात्री गाव त्याला चांदण्यांवरून वेळ विचारायचं. मोबाईल आले आणि कुत्रंही विचारीना. उरला एकच मान: दर जानेवारीला शाळेच्या ओट्यावर उभं राहून पोरांना चांदण्या दाखवायच्या.

यंदा शाळेच्या निकिता मॅडम म्हणाल्या, "आबा, सव्वासातला उपग्रहांची रांग जाणार आहे."

"माझ्या आभाळात मला न इचारता कोण जातंय? गेलं तर ह्यो ओटा तुमचा. मी पोरांत बसीन!"

म्हटलं, जोत्या, जीभ आवर. ऐकतोय कुठला!

सव्वासातला मावळतीकडून दिव्यांची माळ निघाली, एकामागं एक. पोरं किंचाळली. आणि हा पठ्ठ्या? जाळीच्या वाघरीत सोडताना मेंढरं मोजावीत तसा बोट नाचवत जोडीजोडीनं मोजायलाच लागला! सेहेचाळीस भरली.

"मागलं एक लंगडतंय. राखण्या कुठाय ह्यांचा?"

"राखण्या नाही, आबा. कंपन्यांचे आहेत, असे हजारो. इंटरनेटसाठी. दुर्बिणीच्या फोटोंत यांच्या रेघा उमटतात. मागं दोन उपग्रह धडकले, त्यांचे तुकडे अजून वर फिरताहेत."

"आमचं एक कोकरू राखीव कुरणात तोंड घालतं, तर फारेष्टवाले आमाला उभं करत्यात. आन् ह्यांला सगळं आभाळ मोकळं? मेलेली बी तितंच टाकायची?"

वीतभर बांध कोरला तर डोकी फोडणारी आम्ही माणसं. आभाळ कोरलं जात होतं तेव्हा मोबाईल वर करून शूटिंग काढत होतो. मीसुद्धा!

जोतीराम ओट्यावरून उतरला आणि पोरांत मांडी घालून बसला. मॅडमनी तिकांडं शोधायला ॲप उघडून मोबाईल उंचावला, तर त्यावर नुसतं चक्र गरगरतंय. रेंज गेलेली.

"येवढी मेंढरं सोडली, आन् दूध न्हाय व्हय?" खालून जोतीराम.

मॅडमलाही हसू आवरेना. "आबा, या वर. तुम्हीच दाखवा."

"बोली म्हंजी बोली. मी हितंच बरा." मग पोरांकडं वळून म्हणाला, "चला रं, तोंडं उगवतीकडं करा. तिकांडं तितं हाय."

सगळ्या शाळेनं ओट्याकडं पाठ फिरवली. घटकाभरानं मॅडमही खाली उतरल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या.