गवताच्या मधोमध दोन रानकांदे

माझी सलूहामावशी म्हणजे एक वेडंच! जर्बा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर तिच्या घरामागे वाळूचा एक पट्टा आहे. तिथे ना पीक, ना पाणी. पण उन्हाळा सरताना गवताला गुलाबी तुरे येतात, मधूनमधून पांढरे मऊ गोंडे डोलतात, आणि वारा पडला की सगळंच्या सगळं थांबतं. मावशी त्यात तासन्‌तास बसते. मी ओरडते, "अगं, भाकरी करपली!" ती म्हणते, "करपू दे गं. गवत झोपलंय."

यंदा तिचा दीर अम्मार तो पट्टा हॉटेलवाल्याला विकायला निघाला. हद्द कुठली, यावर दोघांची जुंपली. आमच्याकडे हद्द कळावी म्हणून बांधावर रानकांदे लावतात; पावसाआधी त्यांना पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. पट्ट्यातले वाळूच्या टेकाडाखाली कधीच गाडले गेलेले, पण गेल्या हिवाळ्यात वाऱ्याने टेकाड हलवलं. मग ठरलं, यंदा कांद्यांची फुलं जिथे येतील ती हद्द, पलीकडचं अम्मारचं. माझ्या मावशीचा जीव नुसता टांगणीला.

एका सकाळी रानकांद्याचे दोन पांढरे तुरे वर आले. ऐन गवतात.

"बघ वहिनी! निम्मं गवत माझं!" अम्मार दोरी घेऊन धावलाच. मेला हसत होता!

मावशीने दोन तुऱ्यांमधलं अंतर हाताने मोजलं. "भावजी, बांधावरचे कांदे दहा-दहा पावलांवर असतात. हे हातभर अंतरावर. असे आपण कबरीच्या उशा-पायथ्याशी लावतो. एवढीशी कबर कुणाची?"

अम्मारने दोरी खाली ठेवली. "तुझ्या बाळाची," तो म्हणाला. "त्या दिवशी दफनभूमीची वाट समुद्राने तोडली होती. तू तापात होतीस. दादाने आणि मी इथेच पुरलं, हे कांदेही आम्हीच लावले. त्याने शपथ घातली, वहिनीला सांगायचं नाही. पुढे टेकाड चढलं, मला जागाच उमगेना."

"मला सांगितलंत, दफनभूमीत सासूबाईंच्या पायाशी पुरलं! चाळीस वर्षं दर ईदला मी तिथे पाणी घालतेय, भावजी! चाळीस वर्षं!"

मी इतकी रडले, की मला काही दिसेना. अम्मारने दोरी गुंडाळली. "हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगतो," म्हणाला, आणि विहिरीवरून घडा भरून आणला. "घाल, वहिनी."

मावशीने हात पुढे केला नाही. "आधी तुम्ही घाला. तुम्हाला ठाऊक होतं."