निळ्या कोपऱ्यातला माणूस

व्यावसायिक मुष्टियुद्धात रिंगणाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना रंग दिलेले असतात. ज्याच्यासाठी कार्यक्रम भरवला आहे त्याचा कोपरा लाल, पाहुण्याचा निळा. निळ्याने आधी यायचे आणि उभे राहायचे. मग दिवे मंद होतात, गाणे लागते आणि लाल कोपऱ्याचा योद्धा सवडीने, लोकांचे हात हातात घेत येतो. तोवर निळ्याचे तापवलेले अंग गार पडत जाते. सुदेश पगारे अनेक वर्षे असा उभा राहिला. अंग गार पडू नये म्हणून तो झग्याच्या आत आईने विणलेला लोकरी स्वेटर घालून येई आणि रेफरीने मध्ये बोलावेपर्यंत काढत नसे. गुरगाव असो की बँकॉक, लोक त्या स्वेटरला हसत. त्याला त्याचे काही वाटत नसे.

तो कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीतल्या चाळीत वाढला. वडील बाबुराव रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्याच शेडमधले तानाजी तरुणपणी रेल्वेच्या संघातून मुष्टियुद्ध खेळलेले. ते क्वार्टर्समागच्या मैदानात वस्तीतल्या मुलांना शिकवत. सुदेशची पहिली लढत जयंतीच्या दिवशी, विहारापुढच्या मंडपात झाली. पुढे तो राज्य पातळीपर्यंत गेला. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळावी एवढीच घराची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. तेव्हा तो व्यावसायिक झाला आणि पहाटे डोंबिवलीच्या एका जिममध्ये लोकांकडून व्यायाम करून घेऊ लागला.

अपराजित योद्धा ही वस्तू तयार करावी लागते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. ज्या तरुणामागे आयोजक उभा आहे, त्याच्या नावापुढे सुरुवातीला विजयच विजय दिसावे लागतात. हे विजय कोणाच्या तरी पराभवातून यायचे. जो लगेच कोसळतो त्याला हरवून नाव होत नाही, आणि जो खरोखर जिंकू शकतो तो धोक्याचा. हवा असतो तो नीट शिकलेला, न पडणारा आणि अखेरीस गुणांवर हरणारा माणूस. सुदेश तसा होता. त्याला कोणी कधी हरायला सांगितले नाही. सांगितले असते तर आपण उठून गेलो असतो, असे तो म्हणतो, आणि ते खरे मानायला हरकत नाही. आयोजक एवढेच म्हणत, ‘पोराला राउंड दे’, म्हणजे शेवटच्या फेरीपर्यंत त्याच्यापुढे उभा राहा. अन्याय जेव्हा असा सौम्य शब्दांत मागितला जातो, तेव्हा नकार नेमका कशाला द्यायचा हेच माणसाला सापडत नाही.

या कामाचे त्याचे स्वतःचे एक शास्त्र होते. नॉकआउट झालेल्याला डॉक्टर काही आठवडे रिंगणात उतरू देत नाहीत आणि तेवढे दिवस काम बुडते. म्हणून पडायचे नाही. समोरचा चिडेल असे मारायचे नाही. आणि तो दमला किंवा डळमळला, तर पुढे सरून त्याला दोन्ही हातांनी बिलगून धरायचे. यालाच क्लिंच म्हणतात. वास्तविक ही स्वतःचा जीव वाचवण्याची युक्ती आहे. सुदेशच्या हातांना मात्र ती समोरच्याला सावरण्यासाठी वापरण्याची सवय लागली होती. तरुण मुले त्याच्या खांद्यावर डोके टेकून दम खात आणि पुन्हा लढू लागत. त्याचे पराभव वाढत गेले. पण तो एकदाही खाली पडला नाही. तेवढी एक गोष्ट तो आपली म्हणून सांगे.

त्याची पत्नी नंदा टिटवाळ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. तिने लग्नानंतर एकही लढत पाहिली नव्हती. घरी परतलेला सुजलेला चेहरा ती पाहत असे आणि फारसे विचारत नसे.

दोन वर्षांपूर्वी ठाण्यात, माजिवड्याच्या एका सभागृहात, लढतींचा कार्यक्रम ठरला. भरवणाऱ्या आयोजकाचे नाव उत्तम. त्याच्या दोन-तीन जिम होत्या आणि त्यांतल्या एकीत तयार झालेला सिद्धेश हा बाविशीतला मुलगा तोवर अपराजित होता. त्याच्यापुढे छत्तिशीतला सुदेश. व्यावसायिक झाल्यापासून आपल्या भागात लढण्याची ही सुदेशची पहिलीच वेळ. कोळसेवाडीतून लोक येणार होते, नंदा येणार होती. या वेळी मला लाल कोपरा द्या, असे त्याने उत्तमला फोनवर सुचवून पाहिले. उत्तम हसला. नंतर लढतीआधी वजन घेतात त्या दिवशी त्याने सुदेशच्या पाठीवर हात ठेवला.

“सुदेशभाई, पोराला सहाच्या सहा राउंड दे. पुढच्या वर्षी त्याला बाहेर न्यायचाय. तू प्रोफेशनल आहेस, तुला काय सांगायचं.”

सुदेशने मान डोलावली. अजूनही प्रत्येक लढतीत त्याचा कोपरा सांभाळणारे तानाजी शेजारीच उभे होते. त्यांनी वजनाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

लढतीच्या दिवशी सुदेश नेहमीसारखा आधी आला आणि स्वेटर घालून उभा राहिला. मागच्या रांगेतून कोणी ओरडले, “काका, हुडहुडी भरली काय?” सभागृह हसले, कोळसेवाडीचेही काही जण हसले. नंदा हसली नाही.

पहिले तीन राउंड ठरल्यासारखे गेले. सिद्धेश वेगवान होता, सुदेश ठोसे हातमोज्यांवर आणि खांद्यांवर घेत होता. चौथ्यात त्या मुलाने डावा हात खाली येऊ दिला आणि सुदेशचा उजवा ठोसा, फारसा न ठरवता, त्याच्या जबड्यावर बसला. सिद्धेशचे गुडघे सुटले. आणखी एक ठोसा पुरेसा होता. सुदेश पुढे झाला आणि त्याच्या हातांनी इतकी वर्षे जे केले होते तेच केले. त्या हातांनी मुलाला धरले.

सभागृहात गलका होता, तरी नंदाचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

“अहो, धरताय कशाला त्याला? सोडा.”

तिला या व्यवसायाचे संकेत ठाऊक नव्हते. तिला जे दिसले ते ती बोलली. मागून कोणी टोला हाणला, “वहिनी सांगतायत, सोड की रे.” पुन्हा हशा झाला. रेफरीने दोघांना वेगळे केले. तोवर सिद्धेश सावरला होता आणि घंटा झाली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर तानाजींनी त्याच्या तोंडावर पाणी मारले.

“काका, मी त्याला धरलं ना?”

“धरलंस.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

तानाजी टॉवेल पिळत राहिले. मग म्हणाले, “तुला काम मिळत होतं, सुदेश. आज तुला वाटेल तसं खेळ.”

पाचव्या राउंडला सुदेश उठला तेव्हा आपण काय गमावणार आहोत हे त्याला पुरते कळत होते. ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही अशा पाहुण्याला या व्यवसायात पुन्हा बोलावत नाहीत. तरीही तो चालून गेला. राउंड संपण्याआधी सिद्धेश दोरांपाशी खाली बसला होता आणि रेफरी मोजत होता. उत्तम खुर्चीवरून उठून रिंगणाच्या कडेशी आला आणि निळ्या कोपऱ्याकडे पाहून हातवारे करू लागला. तानाजींनी त्याच्याकडे पाठ केली.

मुलगा उठला, तोही हिमतीचा होता. सहाव्यात सुदेश पुन्हा मारण्यासाठी पुढे गेला, उघडा पडला, आणि सिद्धेशच्या डाव्या ठोशाने आयुष्यात प्रथमच जमिनीवर आला. त्याने गुडघा टेकला, रेफरीची बोटे पाहिली आणि उभा राहिला. त्यानंतर शेवटच्या घंटेपर्यंत दोघांपैकी कोणी कोणाला धरले नाही.

तीनपैकी दोन परीक्षकांनी सिद्धेशला विजयी ठरवले. नोंदीत तो सुदेशचा आणखी एक पराभव आहे.

कपडे बदलण्याच्या खोलीत उत्तम आला. त्याने आवाज चढवला नाही. एवढ्या वर्षांचे नाव एका संध्याकाळी घालवलेस, असे तो म्हणाला; आणि वर पडलासही.

“पडलो,” सुदेश म्हणाला. “आधी पडत नव्हतो, कारण लढतच नव्हतो. त्या पोराला विचारा, आज कोण लढलं.”

सिद्धेश त्याच खोलीत बर्फ धरून बसला होता. कोणी न विचारता तो म्हणाला, “सर, काका लढले.” उत्तम निघून गेला.

त्यानंतर फोन येणे थांबले. डोंबिवलीच्या जिममधले काम तेवढे राहिले. नंदाने लॅबमध्ये दुपारची पाळीही घेतली. तिने त्याला बोल लावला नाही आणि सहानुभूतीही दाखवली नाही. रोज सराव चालू आहे ना, एवढेच ती पाहत राहिली. सवय मोडायला वेळ लागला. दमला की सुदेशचे हात अजूनही धरायला पुढे येत. तेव्हा तानाजी हातातल्या पॅडने त्याच्या कोपरावर फटका देत.

गेल्या पावसाळ्यानंतर दुसऱ्या शहरातल्या एका आयोजकाचा फोन आला. नवा मुलगा होता, चांगला होता, त्याला राउंड हवे होते. पूर्वीसारखे, असे तो म्हणाला.

“येतो,” सुदेश म्हणाला. “निळा कोपरा द्या, चालेल. पण जिंकायला येतोय, हे त्या मुलाला आधी सांगा. सांगणार असाल तरच तिकीट काढा.”

पलीकडचा माणूस नंतर कळवतो म्हणाला. अजून कळवलेले नाही. सुदेश दर शनिवारी वजन करतो. लढतीला लागते तेवढेच ते आजही भरते.